इसाकभाईचा कान

इसाकभाईसारखा कान अख्ख्या नाशकात दुसरा नाही, असं आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायचो. आम्ही म्हणजे खंडेराव शेठ, शेठचे जावई, पंचवटीतले एक गाणारे बुवा आणि मी. पैकी शेठ विडीच्या धंद्यात मुरलेले, जावई बी. ए. झालेले, बुवांची हयात सुरांत गेलेली, आणि मी तर स्वतःला माणसांचा पारखीच समजत होतो. इसाकभाई ठार बहिरा होता, हे या चार शहाण्यांपैकी एकाच्याही सहा वर्षांत लक्षात आलं नाही.

आता हे सांगायला हरकत नाही. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याची गाडी गेली असती. गाडी शेठची होती, पण चाकामागची जागा इसाकभाईची होती, आणि त्या जागेवाचून या माणसाला जगात फारसं काही नको होतं.

तो खडकाळीतला. बाप टांगा हाकायचा. बापाचा टांगा काही त्यानं चालवला नाही. घोड्याशी दिवसभर बोलत बसावं लागतं, मोटरीशी बोलावं लागत नाही, असं तो म्हणे. देवळालीच्या कँपात लष्कराच्या लॉऱ्या धुता धुता तो चालवायला शिकला. शेठनी हिरवी अमेरिकन मोटर घेतली तेव्हा गावात चालवणारे बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातला हा एक, आणि दारू न पिणारा बहुधा हा एकच. शेठचं घर रविवार कारंज्याजवळ, विडीचा कारखाना सिन्नरला. आठवड्यातून चार वेळा मोटर जायची आणि यायची, आणि मी शेठची पत्रं लिहायला नोकरीला होतो म्हणून पुष्कळदा मीही पुढच्या सीटवर असायचो.

बत्तीस साली दारणेकाठच्या हिवतापानं इसाकभाईला धरलं. डॉक्टरनं कोयनेल, म्हणजे क्विनीन, पाजलं, पुन्हा पाजलं, आणि ताप हटेना तेव्हा तिसऱ्यांदा पाजलं. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. डावा पार गेला. उजव्यात, शेजारच्या घरात कुणी जात्यावर दळत बसावं अशी घरघर तेवढी उरली. हे कळलं फक्त त्याच्या बायकोला, जुलेखाभाभीला. बाई मोठी खमकी. रडत बसली नाही. रोज संध्याकाळी नवऱ्याला समोर बसवायची, आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि तो काय समजला ते त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. चुकला की गुडघ्यावर चिमटा. त्याचा स्वतःचा आवाज चढायला लागला की हातानंच खाली, खाली, अशी खूण. चाळिशीतला नवरा बायकोच्या तोंडाकडे टक लावून बसतो, याचं मोहल्ल्यात फार कौतुक झालं. चार-सहा बायकांनी आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखलाही दिला म्हणतात.

मोटर तो कानानं चालवतच नव्हता. तळपाय पेडलवर आणि तळहात चाकावर. इंजिनात एखादा प्लग आळस करायला लागला तर आम्हाला ते मोहदरीच्या घाटात गाडी धापा टाकायला लागल्यावर कळे. त्याला शिंदे गावाच्या अलीकडेच कळलेलं असे. मागे मोटर आली तर ती आरशात दिसे. बैलगाड्या तर काय, हॉर्न वाजवतच नाहीत. निघण्याआधी तो खाली उतरायचा, शेठच्या समोर उभा राहायचा, त्यांच्या तोंडाकडे बघत विचारायचा, "शेठ, कुठं?" आणि उत्तर पुरं होईपर्यंत नजर हलवायचा नाही. मी हाताखालच्या कारकुनांना सांगत असे, अदब शिकायची तर या माणसाकडून शिका.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि सदतीस सालच्या दिवाळीत शेठनी मोटरीला रेडिओ बसवला.

देवळालीचा एक गोरा कॅप्टन विलायतेला परत चालला होता. त्याच्या गाडीतली ही पेटी शेठनी उचलली. नाशकात तेव्हा घरांतूनसुद्धा रेडिओ मोजकेच. मोटरीत रेडिओ म्हणजे हत्तीवर अंबारी आणि अंबारीत पुन्हा गणपती. पेटी पुढे, पाय ठेवतात तिथं वर टांगली. तिची तार फूटबोर्डाखालून फिरवली. आणि तिचा कान पिळायचा खटका कुठं, तर बनवणाऱ्यांनी तो चाकाच्या दांडीवर बसवायचा करून ठेवलेला. म्हणजे मुंबई लावायची असली तर ती लावणार ड्रायव्हर. गोरा कॅप्टन स्वतः गाडी चालवत असेल, त्याला ते सोयीचं. आमच्या शेठनी मागच्या सीटवर रेलून फर्मावलं, "इसाक, लाव."

त्या दिवशी घरी जाऊन इसाकभाई जुलेखाभाभीला म्हणाला होता, "संपलं. इतकी वर्षं माणसांना फसवलं. आता या डब्याला कसं फसवू?" हे मला पुढे तिनंच सांगितलं.

पण पहिल्याच संध्याकाळी चमत्कार झाला. मोटर अंगणात उभी. शेठ मागे, जावई मागे, मी पुढे, आणि भोवती आळीतली वीस-पंचवीस डोकी. इसाकभाईनं खटका हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पेटी किंचाळली, खाकरली, मग कुणीतरी पाण्याखाली गुजराती बोलावं तसं झालं. आम्हाला वाटलं इसाकभाई मान खाली घालून ऐकतोय. तो आरशात शेठचं तोंड बघत होता. शेठचं तोंड आंबट झालं की पुढे, आणखी आंबट झालं की थोडं मागे. एकाएकी शेठच्या भुवया वर गेल्या, मिशा सैल पडल्या आणि इसाकभाईचा हात थांबला. मुंबईहून एक बाई गात होती, इतकी स्वच्छ की शेठनी पगडी काढून मांडीवर ठेवली.

मग जावयांनी हौसेनं खटका घेतला. त्यांना शब्द ऐकू आला की ते खूष होऊन आणखी पिळायचे आणि शब्द पळायचा. मी घेतला, माझंही तेच. ऐकणाऱ्या माणसाचा हा घोटाळा होतो, त्याला घाई सुटते. इसाकभाईला ऐकायचं नव्हतंच, त्यामुळे घाई नव्हती. महिन्याभरात गावभर झालं की शेठच्या ड्रायव्हरचा कान काही औरच आहे. विंचूरचा एक कांद्याचा व्यापारी तर त्याला फोडायला माणूस पाठवून बसला. इसाकभाईनं नकार दिला. आम्ही म्हणालो, इमान बघा! खरं कारण एवढंच की त्या व्यापाऱ्याला दाढी होती आणि दाढीमागचे ओठ वाचता येत नाहीत.

रेडिओशी संसार मात्र सोपा नव्हता. इंजिन चालू असलं की पेटीतून मुंबई येत नसे, नुसता कढईत भजी सोडल्याचा आवाज येई. मेनरोडवरच्या एका मिस्त्रीनं प्लगच्या तारांवर काही बोंडं बसवली. भजी थोडी कमी झाली, पण गाडी घाटात अडखळायला लागली. इसाकभाईनं दुसऱ्या दिवशी ती बोंडं उपटून काढली आणि शेठना म्हणाला, "शेठ, गाणं पायजे की घाट पायजे?" कारखाना घाटापलीकडे होता. तेव्हा चालत्या गाडीत गाणं ऐकायचं म्हणून घेतलेली पेटी आम्ही गाडी थांबवून ऐकू लागलो. दारणेच्या पुलाअलीकडे एक चिंच होती, तिच्याखाली मोटर उभी राहायची आणि शेठ अर्धा तास मुंबई ऐकायचे. तेवढ्यात बॅटरी बसायची. मग पुढून हँडल मारायचं. ते मारायचं काम, धोतराचा काचा मारून, माझ्याकडे आलं. त्यामुळे त्या काळच्या संगीताविषयी माझं मत विचारू नये.

बुवांची गोष्ट तर सांगायलाच हवी. पंचवटीतले हे बुवा, नाव सांगत नाही, नातवंडं गावात आहेत. शेठनी त्यांना खास गाणं ऐकायला बोलावून मोटरीत आपल्या शेजारी बसवलं. मुंबईवर कुणी खाँसाहेब लागले होते. इसाकभाईनं अदबीनं आरसा बुवांकडे वळवला. आता दर्दी माणूस गाणं ऐकतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते आठवा. डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या, ओठ वेडेवाकडे, मान अशी हलते की जणू दाढ दुखतेय. इसाकभाईला वाटलं पेटी बिघडली. त्यानं पटकन खटका फिरवला आणि खाँसाहेब भज्यांच्या कढईत गेले.

आम्ही सगळे गार. शेठ ओरडणार एवढ्यात बुवांनी डोळे उघडले. क्षणभर ते थांबले. मग म्हणाले, "शेठ, हा माणूस साधा नाही. निषाद उतरला होता. मी म्हटलं, जाऊ द्या, मोठे आहेत. पण याला सहन झालं नाही!" आणि त्यांनी पुढे वाकून इसाकभाईच्या पाठीवर थाप मारली. इसाकभाईनं वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नम्रपणे हसला. यावर त्याला गुणी न म्हणेल तो कपाळकरंटा.

कानाच्या कीर्तीसारखीच त्याची दुसरी कीर्ती होती ती पोटाची. इसाकच्या पोटात गोष्ट राहते, असं शेठ नेहमी म्हणत. शेठचा एकुलता एक मुलगा श्रीपत चौतीस साली पुण्याला कॉलेजात असताना विषमज्वरानं गेला. एकोणीस वर्षांचा. घरात त्यानंतर त्याचं नाव निघत नसे. शेठच्या पत्नी सिंधुबाई नाव निघालं की दिवसभर जेवत नसत, म्हणून शेठनी सगळ्यांना ताकीदच दिली होती. आणि मला एवढं माहीत होतं की सिन्नरहून एकटे परतताना शेठ मागच्या सीटवर बसून बोलत असतात. मी बरोबर असलो की गप्प. काय बोलतात याची मला फार उत्सुकता, कारण मला वाटायचं ते माझ्याविषयी बोलतात. एकदा इसाकभाईला चहा पाजून मी सरळ विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शेठचं शेठला ठाऊक, दिवाणजी." मी मनात म्हटलं, काय पक्का माणूस आहे!

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

पेटी आली त्याच आठवड्यात शेठनी मला सांगितलं होतं, "रंगनाथ, हिचं लायसन काढून टाक." रेडिओला तेव्हा टपाल कचेरीतून लायसन घ्यावं लागे. मी गेलो. अर्जावर प्रश्न होता, संच कोणत्या ठिकाणी ठेवला जाईल? मी लिहिलं, मोटरीत. कारकून म्हणाला, मोटर हे ठिकाण नाही, घर नंबर पाहिजे. मी म्हटलं, मोटरीलाही नंबर असतो. तो म्हणाला, मग मुंबईला विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा. मला वाटलं मी वादात जिंकलो. विजयी वीर घरी आला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. दिवस गेले, एक दिवाळी गेली. शेठनी विचारलं की मी म्हणत असे, मुंबईहून उत्तर यायचंय.

त्याच दिवसांत मोटरींचा नवा कायदा येणार अशी बोलवा उठली. ड्रायव्हरला डॉक्टरपुढे उभं करणार, डोळे तपासणार, कान तपासणार, मग लायसन. चहाच्या दुकानात मोटरवाले यावर हसत बसायचे. इसाकभाई त्यांच्या तोंडांकडे बघत बसायचा. तेव्हापासून तो अंगणात कुणी खाकी कपड्यातला माणूस आला की उठून उभा राहायचा. मी म्हणायचो, काय अदब!

एकोणचाळीसच्या जानेवारीत सकाळी नऊच्या सुमाराला टपाल खात्याचा इन्स्पेक्टर फाटकातून आत आला. खाकी कोट, हातात वही, आणि ओठांवर अशी मिशी की खालचा ओठसुद्धा दिसू नये. शेठ सिन्नरला निघायचे म्हणून पायऱ्यांवर जोडे घालत होते. मी ओट्यावर कागद आवरत होतो. इसाकभाई मोटर पुसत होता.

इन्स्पेक्टरनं मोटरीत डोकावून पेटी पाहिली आणि इसाकभाईला विचारलं, "या रेडिओचं लायसन आहे का?"

इसाकभाईला हलणारी मिशी दिसली. तो गप्प राहिला. इन्स्पेक्टरला वाटलं हा मुद्दाम बोलत नाही. तो चिडला, मोटरीकडे बोट करून, तोंड मोठं करून ओरडला, "लायसन! लायसन! बिनलायसनचं किती दिवस चालवताय?"

एवढं मात्र त्या मिशीतूनही वाचता आलं. आपल्या भाषेनंही ऐन वेळी दगा दिला. रेडिओही चालवतात आणि मोटरही चालवतात.

इसाकभाईनं फडकं खाली ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली. आतल्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेलं आपलं मोटरचं लायसन काढलं आणि दोन्ही हातांनी इन्स्पेक्टरच्या वहीवर ठेवलं. सहा वर्षं बायकोच्या धाकानं खाली ठेवलेला आवाज त्या दिवशी त्याच्या हातात राहिला नाही. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा तो बोलला, "सहा वर्षं झाली, साहेब. मला ऐकू येत नाय. कोयनेलनं कान गेले. पण या हातून एक कोंबडी मेली नाय, शेठना विचारा. घ्या लायसन. मारू नका फक्त, घरी बायको आहे."

इन्स्पेक्टरनं ते उलटसुलट करून पाहिलं. "हे काय? हे माझ्या खात्याचं नाही. मी टपालाचा माणूस. मी पेटीचं विचारतोय, पेटीचं!"

इसाकभाई त्याच्या मिशीकडेच बघत होता. मी धावत खाली गेलो, त्याचा दंड धरला, पेटीकडे बोट केलं, मग हातानं ठप्पा मारल्याची खूण केली. त्यानं पेटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग वहीवरच्या आपल्या लायसनकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला बघवला नाही. मला लाज वाटली. अशी लाज पुन्हा वाटू नये म्हणून मी तेव्हापासून कुठलाही कागद दुसऱ्या दिवसावर टाकत नाही, पण त्याचा इसाकभाईला काय उपयोग?

इन्स्पेक्टर आठ दिवसांची मुदत देऊन गेला. जाताना त्यानं ते मेणकापड शेठच्या हातात दिलं. शेठ एका पायात जोडा घालून तसेच खाली आले आणि इसाकभाईच्या समोर उभे राहिले.

"केव्हापासून?"

"बत्तीस सालापासून, शेठ."

"म्हणजे श्रीपत गेला त्याच्याही आधी," शेठ म्हणाले. "म्हणजे मी चार वर्षं त्या रस्त्यानं जे बोललो… त्याचं लहानपण, त्याची पत्रं, मी त्याला मारलं होतं ते… ते सगळं मी कुणाला सांगत होतो?"

इसाकभाईनं प्रत्येक शब्द त्यांच्या ओठांवर वाचला. मग म्हणाला, "काय बोलता ते नाय कळायचं, शेठ. आरशात तोंड छोटं दिसतं, आणि रस्ता पण बघायचा असतो. पण रडायला लागलात की दिसायचं. मग मी गाडी हळू करायचो. घर लवकर येऊ नये म्हणून."

शेठ वळून घरात गेले. एक जोडा पायऱ्यांवरच राहिला.

त्याच दुपारी मी टपाल कचेरीत घर नंबर घालून अर्ज दिला आणि अर्ध्या तासात पेटीचं लायसन घेऊन आलो. घराच्या नंबरावर लायसन निघालं म्हणून पेटी मोटरीतून काढून दिवाणखान्यात न्यावी लागली, आणि ती मोटरीच्याच बॅटरीवर चालायची म्हणून रोज संध्याकाळी बॅटरीही घरात. सकाळी बॅटरी पुन्हा मोटरीत, आणि मी हँडलापाशी. मुंबई तर कुणालाच लागेना. अशा रीतीनं पेटी कायद्यात बसली आणि मुकी झाली. इसाकभाईचं लायसन शेठनी माझ्या टेबलाच्या कप्प्यात ठेवायला दिलं, गाडीच्या किल्लीशेजारी. "बहिऱ्या माणसाच्या हातात गाडी देता येत नाही, रंगनाथ," एवढंच म्हणाले. आदल्या दिवसापर्यंत देता येत होती, हे मी म्हणालो नाही.

मी खडकाळीत माफी मागायला गेलो. जुलेखाभाभीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच मला थोपवलं. "एक कागद, दिवाणजी! माझ्या नवऱ्यानं सहा वर्षं दुनियेची तोंडं पाठ केली आणि तुमच्याच्यानं एक कागद झाला नाही." मी म्हटलं, चुकलो भाभी. ती म्हणाली, "तुमचं चुकलं आणि त्याचं गेलं." इसाकभाई घरात नव्हता. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, तिथं भिंतीला तळहात लावून उभा होता. आत इंजिन धडधडत होतं. मला बघून ओशाळला. "याचा पट्टा ढिला आहे," म्हणाला, "सांगितलं तर ऐकत नायत."

नवा ड्रायव्हर आला तो वणीचा देवराम. तरुण, हुशार, आणि कान असे की शेठ मागे पुटपुटले तरी तो वळून म्हणे, "काय म्हन्ले शेठ?" पहिल्याच आठवड्यात शेठ चुकून परतीच्या वाटेवर काहीतरी बोलले असावेत. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात देवराम सांगत होता, "शेठला लय दुःख हाय पोराचं. लय रडत्यात." ते फिरत फिरत सिंधुबाईंपर्यंत गेलं. बाई तीन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर शेठ मोटरीत बसत ते ओठ शिवल्यासारखे. पुढे पुढे सिन्नरला जायचंच टाळू लागले. कारखान्यात माझी पत्रं जायची आणि शेठ घरात येरझाऱ्या घालायचे. महिन्याभरात माणूस निम्मा झाला.

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. "देवरामला कारखान्याच्या लॉरीवर घाल. आणि इसाकला बोलाव."

इसाकभाई आला तो धुतलेला सदरा घालून. त्याला वाटलं हिशेब चुकता करायला बोलावलंय. अंगणात मोटर उभी होती. शेठनी माझ्याकडून किल्ली आणि मेणकापड घेतलं आणि दोन्ही त्याच्या हातावर ठेवलं. तो हातातल्या वस्तूंकडे बघत राहिला. वर बघेना, कारण वर बघितलं की काय वाचावं लागेल याची त्याला भीती होती. शेठनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, लहान मुलाचं करतात तसं.

सवयीनं त्याच्या तोंडून आलं, "शेठ, कुठं?"

"सिन्नर."

मी मागचं दार उघडून धरलं. शेठ तिकडे गेलेच नाहीत. वळसा घालून ते पुढे गेले, माझ्या जागेवर बसले, मांडीवर पगडी ठेवली. हे कायद्यात बसतं का, ते मी कुणाला विचारलं नाही. टपाल कचेरीत तर नाहीच. नाशकाच्या खंडेराव शेठनी, ज्यांच्या विड्या खानदेशापर्यंत जातात, त्यांनी उतारवयात स्वतःच्याच गाडीवर क्लीनरची नोकरी धरली.

इसाकभाई चाकामागे बसला. त्यानं दोन्ही तळहात चाकावर टेकवले. शेठनी त्याच्या दंडाला धरून त्याला आपल्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"मागून हॉर्न आला तर गुडघ्यावर एक चापट मारीन. बाजूला घे. दोन मारल्या तर थांब."

"जी, शेठ."

"आणि मी रडायला लागलो तर माझ्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ."

इसाकभाईनं मान हलवली. मग विचारलं, "आणि हळू चालवू?"

"हळूच चालव," शेठ म्हणाले.